धाकटी जाऊ

जन्मभर मला 'काकी, तू' म्हणणारा माझा पुतण्या चंद्रकांत त्या शुक्रवारी एकदम 'काकी, तुम्ही' म्हणाला, तेव्हाच मला समजलं की ह्यानं काहीतरी करून ठेवलंय. दारात चप्पल काढली, तीसुद्धा जोडीनं नीट लावून. मग वाकून पाया पडला. चौसष्ट वर्षांचा रिटायर हेडमास्तर, सणासुदीला लांबनंच हात जोडणारा, आणि त्या दिवशी त्याचं टक्कल माझ्या पायाला लागलं.

"पाठ दुखत न्हाई व्हय रं वाकून?" मी म्हटलं.

"तुमच्यापुढं वाकायला कसली पाठ दुखतीय, काकी."

असलं तुपातलं बोलणं मला पहिल्यापासनं पचत नाही. मी शेंगा फोडत बसलो होतो, फोडत राहिलो.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सांगतो आणि माझी नात अनुजा लिहून घेते. ती पुण्याला शिकली, म्हणून मध्येच थांबते. 'आज्जी, गेलो नाही, गेले. बसलो नाही, बसले.' मी तिला बजावलंय, बाकी काय शुद्ध करायचं ते कर, पण हे बदलायचं नाही. आमच्या कोल्हापूर भागात बायका अशाच बोलतात. माझी सासू बोलायची, जाऊ बोलायची, मी बोलतो. त्यात खोडाखोड चालणार नाही.

तर चंद्रकांत. माझ्या थोरल्या दिरांचा, नेमगोंडांचा मुलगा. दीर गेले, आणि त्याची आई चंपाबाई, म्हणजे माझी थोरली जाऊ, तीही जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिला मी चंपाक्का म्हणायचो.

"रविवारी मंगल कार्यालयात यायचंय तुम्हाला," चंद्रकांत म्हणाला. "तारदगाव साहित्य महोत्सव. गावचे लेखक, कालचे आणि आजचे."

"आपल्या गावात लेखक? किती?"

"अकरा निघाले."

"आणि वाचणारे?"

तो हसला. नुसते दात हसले. मग खिशातनं पातळ पुस्तक काढलं. पिवळं कव्हर, त्यावर काहिलीचं चित्र. गुऱ्हाळात उसाचा रस ज्या मोठ्या कढईत उकळतात ती काहील. चित्र काढणाऱ्यानं खाली चुलवाण काढलंच नव्हतं, काहील हवेत तरंगत होती.

"माझी एक जुनी गोष्ट आहे. 'आधण' नावाची," तो म्हणाला. "मी कॉलेजात असताना 'मळा' साप्ताहिकात आलेली. पुण्याच्या कर्णिक सरांना जुने अंक सापडले. ते म्हणाले, ग्रामीण भागातला फार मोठा लेखक दडून राहिला. आणि त्या गोष्टीत तुम्ही आहात, काकी. सुंदरा. सरांची इच्छा आहे, गोष्टीतल्या सुंदराला स्टेजवर आणायचं. शाल, नारळ, सगळं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुझी गोष्ट?" मी म्हटलं.

"हो. चं. ने. मगदूम. चंद्रकांत नेमगोंडा मगदूम." त्यानं कव्हरावर बोट ठेवून दाखवलं, जसं पहिलीच्या पोराला दाखवतात. "तुम्हाला वाचता येत नाही, पण असू दे घरात. अनुजा आली की वाचून दाखवील."

बँकेत मी अंगठा लावतो. रेशनला अंगठा लावतो. सही येते का, असं मला आजपर्यंत कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. चंद्रकांतला वाटायचं, काकी म्हणजे अंगठा.

तो गेल्यावर मी दाराला कडी लावली. रेशनकार्डाच्या पिशवीतनं एक कागद काढला. पेपरचं कात्रण, घडीवर फाटलेलं, हळदीचे डाग पडलेलं. त्याच्या शेजारी ते पिवळं पुस्तक उघडलं.

शाळेत मी दीड वर्ष गेलो. 'क' आणि 'फ' मधला फरक समजायच्या आधी माझं लग्न झालं. ह्या घरात आलो तेव्हा चंपाक्का सातवी झालेली. दुपारी सगळे पडले की ती गोठ्यामागं बसून वहीत लिहायची. मी एकदा पकडलं. म्हटलं, आक्का, कुणाला पत्र लिहितीस? ती आधी घाबरली, मग म्हणाली, सांगतो, पण तोंड बंद ठेवशील का. माझं तोंड कधी बंद नसतं हे तिला माहीत होतं. तरी तिनं सांगितलं. मीही ते मरेपर्यंत पाळणार होतो.

ती गोष्टी लिहायची आणि 'मळा'ला पाठवायची. पाकीट मी दळणाच्या डब्यात घालून न्यायचो. गिरणीला जायच्या आधी बाजारातल्या लाल पेटीत टाकायचो. नाव घातलं असतं तर दिरांनी गोठ्यात बांधली असती तिला, म्हणून नुसतं चं. ने. मगदूम. चंपाबाई नेमगोंडा. पाच गोष्टी छापून आल्या. पाचवीत मी होतो.

माझ्या पहिल्या सुगीची ती गोष्ट, चंपाक्कानं ती बऱ्याच वर्षांनी लिहिली. मी चंपाक्काबरोबर गुऱ्हाळावर जेवण घेऊन गेलो होतो. काहिलीवर आधण होतं, म्हणजे एका वेळचा रस चढवलेला. वास नाकात गेला आणि मी गुळव्याला म्हटलं, मामा, पाक आला, उतरा. गुळव्या म्हणजे गूळ करणारा, तिथला राजा. तो म्हणाला, कालची पोर मला शिकवतीया. सगळे गडी हसले. तेवढ्यात आधण करपलं. काळा गूळ झाला, गुरांनीसुद्धा तोंड फिरवलं. आणि सासऱ्यांनी बोलून घेतलं ते मलाच, बाईमाणूस काहिलीपाशी बोललंच कसं म्हणून.

त्याच कात्रणावर चंपाक्कानं मला अक्षर शिकवलं. म्हणाली, तुझ्यावरच लिहिलंय, आता दुसऱ्याकडनं वाचून घेऊ नकोस. तीन महिने लागले. त्यातली तिसरी ओळ मला तोंडपाठ आहे. 'माझी धाकटी जाऊ सुंदरा. तिच्या तोंडाला कुलूप नाही, पण तिचं नाक खोटं बोलत नाही.'

आता पिवळ्या पुस्तकात मी ती ओळ शोधली. बोट ठेवून, एकेक अक्षर. 'माझी.' बरोबर. 'धाकटी.' बरोबर. पुढं 'ज'ला काना पाहिजे, मग 'ऊ'. तिथं 'क' होता. काना. आणखी एक 'क', त्याला दुसरी वेलांटी.

काकी.

मी तीनदा वाचलं. मला वाटलं, माझंच चुकतंय. मग कात्रणावर बोट ठेवलं. जाऊ. पुस्तकावर ठेवलं. काकी. सगळी गोष्ट तशीच्या तशी, कानामात्रा सुद्धा तीच, आणि तेवढा एक शब्द खोडून दुसरा घातलेला. पुरुषाला जाऊ नसते. हे हेडमास्तराच्या ध्यानात आलं होतं.

त्या दिवशी मी दिवस मावळायच्या आधी जेवलो नाही, आणि मावळल्यावर आम्ही जैन जेवत नाही. तशीच झोपलो.

रविवारी मंगल कार्यालयाच्या दारात मोठा फ्लेक्स. वर 'कालचे', खाली 'आजचे', आणि सगळ्यांचे फोटो. कालच्यांना हार. त्यात पोस्टमन बाबगोंडा पाटलाचा फोटो, त्यानं कविता केलेल्या आहेत. पण तो जिवंत, फ्लेक्सखालीच उभा. त्याची बायको आयोजकांना धरून बोलत होती, "ह्यांना हार घातलाय तुम्ही. सकाळी माझ्या हातचे पोहे खाऊन आलेत." एक कार्यकर्ता शिडीवर चढून कागद चिकटवून तो हार झाकत होता. चंद्रकांत आजच्यांत पहिला, कोट घालून. चंपाक्का कालच्यांतही नाही आणि आजच्यांतही नाही.

कर्णिक सर भला माणूस दिसला. उंच, खांद्याला झोळी. "आजी, तुमची वाट बघत होतो," म्हणाला. "प्रवासाचा त्रास नाही ना झाला?"

"कसला प्रवास? मी मारुतीच्या देवळाजवळनं चालत आलो."

"गोष्टीतली सुंदरा आहात तशीच आहात."

"गोष्टीत मी सोळा वर्षांची हाय, सर. आता गुडघे वाजत्यात."

तो हसला आणि चहा सांगायला गेला. तेवढ्यात मी चंद्रकांतला खांबाच्या मागं घेतलं. त्याला एक वाट ठेवायची होती मला. रागीट आहे मी, पण पाठीमागनं घाव घालत नाही.

"ती गोष्ट कुणी लिहिली रं?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पडला नाही. त्यानं मफलर सारखा केला.

"काकी, आता ते उकरून काय करायचं? सरांनी मला फोन केला. विचारलं, चं. ने. मगदूम तुम्हीच का. माझं नाव चं. ने. मगदूमच आहे. मी हो म्हणालो."

"आणि गोष्ट?"

"घरातलीच आहे की. आईचं काय नि माझं काय. मगदूमांचंच नाव होतंय."

"मग आईचंच होऊ दे. स्टेजवर चढ आणि सांग, माझ्या आईनं लिहिलंय. सोपं हाय. मी शाल घेऊन गप बसतो."

"निमंत्रणपत्रिका छापून गेल्यात, काकी. पेपरात आलंय. आता कसं सांगायचं?" मग त्यानं आवाज बारीक केला. "आणि आईला लेखिकाबिखिका व्हायचं नव्हतं. हौस होती चार दिवस. तिनंच सोडून दिलं."

"तिनंच सोडलं?"

"तुम्हाला सगळं माहीत नसतं. तुम्हाला वाचता येत नाही, काकी. शाल घ्या, नारळ घ्या, घरी जाऊ."

तो जाऊन स्टेजवर बसला. तोपर्यंत मी ठरवलं नव्हतं. ते तिथं ठरलं.

कार्यक्रम सुरू झाला. आधी सरपंच बोलले, ते नेहमीसारखे पाण्याच्या टाकीवर गेले. मग कर्णिक सर. त्यांनी 'आधण' वाचायला घेतली आणि चांगली वाचली, खोटं कशाला बोलू. 'मी चुलवाणापाशी उभारलो. पोटाला धग, पाठीला वारं. भाकरीची बुट्टी कमरेवर, आणि कमरेत कालपासनं कळ.' बायका पुढं सरकून ऐकत होत्या.

सरांनी पुस्तक मिटलं. "बघा," ते म्हणाले, "एका तरुण पुरुषानं हे लिहिलं आहे. भाकरीची बुट्टी वाहणाऱ्या बाईच्या कमरेतली कळ ह्या माणसाला कशी कळली असेल? स्वतःला बाईच्या जागी ठेवून हा लेखक लिहितो. मराठीत असं उदाहरण मला दुसरं सापडत नाही." मग त्यांनी चंद्रकांतकडं बघितलं. "मगदूम सर, हे कसं साधलं?"

चंद्रकांत उभा राहिला, माइक धरला. "लहानपण गुऱ्हाळात गेलं. त्या धुराचा वास अजून नाकात आहे."

त्या धुराचा वास. लहानपणी गुऱ्हाळाकडं बघितलं तरी त्याला खोकला लागायचा. त्याची आई त्याला पदराखाली झाकून रस्त्याच्या पलीकडनं न्यायची.

मग माझं नाव पुकारलं. मी गेलो. शाल घातली, नारळ हातात दिला, टाळ्या झाल्या. सर म्हणाले, "आजी, दोन शब्द?" चंद्रकांत चटकन म्हणाला, "त्यांना सवय नाही माइकची." मी म्हटलं, "मला माइक लागत न्हाई," आणि नारळ टेबलावर ठेवला.

ब्लाउजमधनं कात्रण काढून मी कर्णिक सरांच्या हातात दिलं.

"सर, ही 'आधण'च हाय. 'मळा'त आली तीच. तिसरी ओळ मोठ्यानं वाचा."

त्यांनी चष्मा वर केला. "'माझी धाकटी जाऊ सुंदरा...'" आणि थांबले. पिवळं पुस्तक उघडलं. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. "इथं काकी आहे," ते हळू म्हणाले. "माझ्याकडच्या अंकाचं हे पान वाळवीनं खाल्लेलं होतं. मजकूर मगदूम सरांनी लिहून दिला होता."

"सर, तुमचं लग्न झालंय?"

"हो."

"तुम्हाला जावा किती?"

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. सर हसले नाहीत. कपाळाला हात लावून म्हणाले, "पण आजी, सगळी गोष्ट 'मी आलो, मी उभारलो' अशी आहे. पुरुषी क्रियापदं. त्यावरनंच आम्ही..."

"मी सकाळी तुम्हाला काय म्हटलं? चालत कशी आलो म्हटलं?"

"चालत आलो," सर म्हणाले. आणि मग त्यांच्या तोंडावर सगळं आलं.

मागनं पोस्टमनची बायको ओरडली, "आम्ही समद्या असंच बोलतो की ओ सर. आम्ही काय बाप्ये हाय?"

तीनशे माणसं बसलेली. सगळी ह्याच गावची, सगळ्यांच्या आया 'मी आलो, मी गेलो' म्हणणाऱ्या. त्यांनीही ती गोष्ट ऐकली आणि बाप्याची समजली, कारण ती छापलेली होती. त्याचा मला चंद्रकांतपेक्षा जास्त राग आला होता, पण तीनशे माणसांशी भांडायला माझ्याकडं दिवस नव्हता.

"चंपाबाई नेमगोंडा मगदूम," मी सरांना म्हटलं. "माझी थोरली जाऊ. ह्याची आई. लिहून घ्या, परत चुकायला नको."

सरांनी खरंच पेन काढलं.

चंद्रकांत माझ्या दंडाला धरून कानात म्हणाला, "काकी, बास. घरी बोलू."

"बोलून झालंय. खांबामागं. तू म्हणालास, तिनंच सोडलं." मी दंड सोडवला. "सांग की इथं, कसं सोडलं ते."

तो खुर्चीत जाऊन बसला.

त्याला आठवत होतं. मलाही. माझी गोष्ट छापून आल्यावर दोन आठवड्यांनी चंपाक्का 'मळा'चा अंक घेऊन माझ्याकडं आली होती. त्यात चौकटीत छापलं होतं, आमचे लेखक चं. ने. मगदूम यांनी प्रकृतीच्या कारणामुळे लेखन थांबवत असल्याचे पत्राने कळवले आहे. ती म्हणाली, "सुंदरा, मी आजारी हाय म्हणं." त्याच शनिवारी चंद्रकांत मास्तरकीच्या कॉलेजातनं घरी आला. तो जेवत होता, ती वाढत होती, मी भाकरी थापत होतो. तिनं नुसतं विचारलं, तू कळवलास का. तो म्हणाला, "सुंदराची जाऊ कोण ते आपल्या गावच्या पोरांनी वळखलं. हॉस्टेलात पोरं हसत्यात. तुझी आई पेपरात लिहिती म्हणं. मी केली सही. खोटं काय हाय त्यात, माझं नावबी तेच हाय."

चंपाक्कानं त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. त्यानंतर तिनं वहीला हात लावला नाही. मी कधी विषय काढला की म्हणायची, मी आजारी हाय नव्हं.

हे मी स्टेजवर सगळं सांगितलं. एवढं लांब नाही. तुटक तुटक, जसं येईल तसं. कुणी टाळी वाजवली नाही, आणि बरं झालं. सरपंच घड्याळ बघत होते. कर्णिक सरांनी पिवळी पुस्तकं टेबलावरनं उचलून खाली खोक्यात भरायला सुरुवात केली, स्वतःच्या हातानं.

चंद्रकांतच्या गळ्यात सत्काराचा हार तसाच होता. डोळ्यात पाणी होतं. कशाचं होतं, मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही.

"चुकलं, काकी," तो म्हणाला. "एक शब्द बदलला मी. एवढंच."

मी शाल काढली, घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"लाज वाटली तवा तिचं नाव घेऊन तिला गप केलास," मी म्हटलं. "हार मिळतोय दिसलं तवा परत तेच नाव घेतलास. मधली सगळी वर्षं ती तुला भाकरी वाढत होती. एक शब्द बदललास म्हणतोस नव्हं? आता एक मी बदलतो. इथनं पुढं मला काकी म्हणायचं न्हाई. मी चंपाबाईची जाऊ हाय, चंद्रकांत. तुझी कुणी न्हाई."